सावलीतल्या झुडपांची रंगीत फळे दर उन्हाळ्यात का गळतात : सोलापूरच्या बागेसाठी समस्या निवारण

सोलापुरात घराच्या उत्तरेकडील पट्ट्यात, दोन घरांमधल्या बोळात किंवा कडुलिंबाखाली सदाहरित फळझुडपे लावणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तीच असते. हिवाळ्यात झाड तजेलदार दिसते, फेब्रुवारीत नवी पालवी फुटते, काही झाडांवर कळ्याही धरतात आणि एप्रिल संपता संपता पानांच्या कडा करपू लागतात, कळ्या काळ्या पडतात, धरलेली बारीक फळे एका आठवड्यात आळ्यात पडलेली दिसतात. मग पाणी वाढवले जाते, खत घातले जाते, पावसाळ्यात झाड सावरते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडते. दर वर्षी ठरावीक महिन्यात येणारी ही तक्रार सहसा रोगाची नसते आणि खताच्या कमतरतेचीही नसते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बागांमध्ये तिचे मूळ असे आहे की, ज्या जागेला आपण सावलीची जागा समजतो ती जागा मे महिन्यात सावलीची राहतच नाही.

प्रथम झुडपांविषयी थोडे सांगतो, कारण निदान झाडागणिक बदलते. आपल्याकडे या कामासाठी सर्वांत भरवशाचे झुडूप म्हणजे कुंती, जिला रोपवाटिकांमध्ये कामिनी म्हणतात. तिची पांढरी सुवासिक फुले एक-दोन दिवसांतच गळतात, पण त्यानंतर धरणारी लांबट फळे हिरव्यावरून केशरी आणि मग लाल होत कित्येक आठवडे झाडावर राहतात. दुसरे आर्डिसिया. त्याची लाल मण्यांसारखी फळे देणारी पूर्व आशियातील जात कुंडीत हौसेने लावली जाते, तर तिचीच सह्याद्रीतील नातलग बुगडी गुलाबी फुले आणि लालसर होऊन पुढे काळी पडणारी फळे देते. तिसरा किरमिरा, ज्याची फिकट गुलाबी, किंचित पारदर्शक फळे कोकणातल्या झाडोऱ्यात दिसतात. ही तिन्ही झुडपे विरळ सावलीत फळतात. करवंद आणि दुरांटा मात्र उन्हाची झाडे आहेत. सावलीत ती जगतात, पण फळत नाहीत, आणि त्यांच्यावर केलेले सगळे उपाय वाया जातात.

उत्तरेची सावली आणि मे महिन्यातले ऊन

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा अर्थ असा की मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर तो माथ्याच्या उत्तरेला सरकतो आणि जुलैअखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. या मधल्या काळात दुपारचे ऊन उत्तरेकडून येते. त्याच्याही आधी, २१ मार्चनंतरच, सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवू लागतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेकडच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडायला तेव्हाच सुरुवात झालेली असते. डिसेंबरात जागा पाहून, ‘येथे कधीच ऊन येत नाही’ असे ठरवून लावलेले झुडूप मे महिन्यात थेट उन्हात सापडते आणि तेही पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढे गेलेला असताना. जूनच्या मध्यानंतर ढग येतात, हवेत ओल येते आणि झाड सावरते. आपल्याला वाटते पावसाने झाड वाचले, आणि ते खरेही आहे, पण पावसाइतकेच ढगांनी अडवलेल्या उन्हामुळेही ते वाचलेले असते.

कडुलिंबाखालची सावली आणखी फसवी असते. लिंबाची पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि नवी पालवी दाट व्हायला एप्रिल उजाडतो. म्हणजे नेमके ज्या आठवड्यांत ऊन कडक होऊ लागते त्याच आठवड्यांत छत उघडे पडते. शिवाय लिंबाची मुळे वरच्या थरातील ओल आधी घेतात, म्हणून लिंबाखालचा वाफा सावलीत असूनही कोरडा असतो. अशा जागी कुंती तग धरते, आर्डिसिया तग धरत नाही. तिथे आर्डिसिया ठेवायचीच असेल तर ती कुंडीत ठेवावी, म्हणजे मुळांची स्पर्धा टळेल.

जागेची परीक्षा करायला यंत्र लागत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी चार या वेळांना झाडाजवळ जमिनीवर पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. हाताची सावली बोटे मोजता येतील इतकी ठसठशीत पडली तर ते थेट ऊन आहे, कडा पुसट पण आकार ओळखू येणारी पडली तर विरळ सावली आहे, आणि सावली जवळजवळ दिसलीच नाही तर गडद सावली आहे. फळांसाठी आपल्याला मधली स्थिती हवी असते. कुंतीला सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले तर उत्तमच, आर्डिसियाला मात्र दिवसभर विरळ सावलीच बरी. गडद सावलीत दोन्ही झाडे हिरवीगार राहतात आणि फुलत नाहीत. तीच परीक्षा डिसेंबरातही करावी, म्हणजे दोन ऋतूंतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि पुढचे उपाय करताना मनात संशय राहणार नाही.

उपाय जागेनुसार ठरतो. जमिनीतल्या झुडपांवर एप्रिलच्या सुरुवातीलाच पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी आणि ती उत्तर व पश्चिम बाजूंनीही खाली उतरवावी, नुसती वर ताणून उपयोग नाही, कारण सकाळ-संध्याकाळचे ऊन बाजूने शिरते. जाळी पानांना टेकू देऊ नये, मध्ये किमान हातभर मोकळी जागा असावी. पाऊस स्थिरावला की ती काढून टाकावी, नाहीतर पावसाळ्यात प्रकाश अपुरा पडतो आणि बुरशी वाढते. कुंड्या असतील तर मेच्या मध्यापासून त्या घराच्या दक्षिण बाजूला, छज्जाखाली भिंतीलगत ठेवाव्यात. हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु त्या दोन-अडीच महिन्यांत दुपारी घराची सावली दक्षिणेकडे पडते. फक्त कुंड्या थेट फरशीवर ठेवू नयेत, विटांवर ठेवाव्यात, कारण दिवसभर तापलेली फरशी रात्री मुळांना भाजते. सांगोला-पंढरपूर भागातले डाळिंब बागायतदार फळांवर उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून झाडांवर आच्छादन टाकतात, तेव्हा उन्हापासून फळ झाकणे ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ती शोभेच्या झुडपांसाठी केली जात नाही, इतकेच.

बोळातल्या झाडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. अलीकडे अनेक घरांच्या बोळात एसीचे बाहेरचे यंत्र बसवलेले असते आणि त्याचा गरम झोत नेमका झुडपांच्या उंचीवर येतो. झाडाची एकच बाजू करपत असेल, पाने एकाच दिशेने वाळत असतील आणि त्रास एसी सुरू झाल्यावर वाढत असेल, तर झाड हलवणे किंवा मध्ये आडोसा उभा करणे एवढाच उपाय आहे. औषधाचा येथे काही संबंध नाही.

पाणी : किती यापेक्षा कोणते

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्यामुळे पाण्याच्या दिवशी झाडाला भरपूर आणि मधल्या दिवसांत काहीच नाही, असा क्रम पडतो. काळ्या मातीत याचा परिणाम दुप्पट होतो, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते, आणि भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. फळे वाटाण्याएवढी असताना असा कोरड्या-ओल्याचा झटका बसला की झाड आधी फळे सोडते. फळाच्या देठाजवळ पिवळी कडा दिसून फळ हिरवेच गळत असेल, तर बहुधा हेच कारण असते.

यावर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे पुरलेला माठ. न रंगवलेला, आतून-बाहेरून कोरा मातीचा लहान माठ झुडपाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याच्या दिवशी तो भरावा आणि वर झाकणी ठेवावी. पाणी भिंतीतून झिरपत राहते आणि मुळे ज्या दिशेला ओल मिळते त्या दिशेला वाढतात. आळ्यात वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाचा भुसा यांचा तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. आपल्या पाण्यातील क्षारांमुळे माठाची छिद्रे हळूहळू बुजतात, म्हणून पाणी उतरेनासे झाले की माठ बदलावा.

आता पाण्याच्या प्रकाराविषयी, आणि येथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण झाडांचे सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूनेच होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून घरातल्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी कुंड्यांना घातले जाते. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. उन्हाळ्यात कूलरची टाकी धुताना निघणारे पाणीही तसेच असते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार टाकीत राहतात. ही दोन्ही पाणी फरशी धुवायला वापरावीत, फळझुडपांना घालू नयेत. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते आणि आर्डिसियासारख्या नाजूक झाडाला ते चांगले मानवते. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला असेल आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळत असतील, तर क्षार साचले आहेत असे समजावे. अशा वेळी कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून ते तळाच्या छिद्रातून वाहू द्यावे. पावसाळ्यात दोन-चार मोठ्या सरींखाली कुंडी उघड्यावर ठेवली तरी हेच काम होते.

पाने पिवळी, शिरा हिरव्या

कळ्या धरतच नसतील आणि नवी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्या मातीत लोह नसते असे नाही. माती चुनखडीची आणि विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असल्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर स्वयंपाकातले व्हिनेगर थेंब थेंब सोडावे. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना मोकळा आहे. सोलापूरच्या आसपासच्या काळ्या मातीत पांढरे खडे मिसळलेले दिसतात, ते हेच. पुष्कळ ठिकाणी भरावासाठी आणलेल्या मुरुमातही चुनखडी असते, म्हणून नवीन वाफा करताना मुरूम घालण्याआधी त्यावरही व्हिनेगर टाकून पाहावे.

अशा मातीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत घालून फारसा उपयोग होत नाही, कारण तो लवकरच बांधला जातो. लिटरभर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी, कोवळी पाने भाजली नाहीत तरच पूर्ण झाडावर फवारावे. जमिनीतून द्यायचे असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधले जाऊ नये म्हणून सेंद्रिय रेणूत गुंतवलेले लोह, घ्यावे, आणि घेताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असे लिहिलेले आहे ना ते पाहावे. ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह स्वस्त असते, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर मात्र हे निदान लागू होत नाही. तेथे नत्राची कमतरता किंवा मुळांशी साचलेले पाणी शोधावे.

एक इशारा आर्डिसियाबद्दल. तिच्या पानांची कड नागमोडी असते आणि त्या वळणांमध्ये बारीक गाठी दिसतात. पान उजेडासमोर धरले तर त्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. पुष्कळ जण त्यांना रोग समजून बुरशीनाशक मारतात. त्या गाठींमध्ये झाडाचे सहजीवी जिवाणू राहतात आणि निरोगी झाडावरही त्या असतातच.

फुले येतात, फळ धरत नाही

कुंतीच्या बाबतीत या तक्रारीमागे बहुतेक वेळा कात्री असते. फुले नव्या फुटींच्या शेंड्यांवर येतात आणि कुंपणाला आकार राहावा म्हणून दर महिन्याला शेंडे छाटले, तर फुले कधी आलीच तरी फळ पिकायच्या आत कापले जाते. छाटणी वर्षातून एकदाच, फळे संपल्यावर फेब्रुवारीत करावी. पावसाळ्याच्या तोंडावर माळी बोलावून सगळेच झाडोरे भादरण्याची आपल्याकडची पद्धत इतर झुडपांना चालते, कुंतीला ती महागात पडते, कारण मृगाच्या सरींनंतर येणारा तिचा मुख्य बहार त्या छाटणीतच जातो.

डाळिंब आणि लिंबू उत्पादकांना ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, बहार धरण्याचे तंत्र ठाऊक आहे. कुंती ही लिंबाच्याच कुळातली असून तीही तसाच प्रतिसाद देते. जमिनीत चांगली रुजलेली, दोन-तीन वर्षांची कुंती असेल तर मेच्या उत्तरार्धात पाणी कमी करावे, पाने दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरतील इतपतच, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर किंवा भरपूर पाणी देऊन ताण तोडावा. फुलांचा भर एकदम येतो आणि मधमाश्या जमतात. हा प्रयोग कुंडीतल्या झाडावर आणि आर्डिसियावर करू नये. आर्डिसियाची फुले मे-जूनच्या सुमारास येतात आणि त्याच वेळी तिला ताण बसला, तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ज्या लाल घोसांची आपण वाट पाहतो ते घोस फुलातच संपतात. तिला उन्हाळ्यात जाळी, माठ आणि आच्छादन ही तिन्ही लागतात.

फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारू नये, कारण मधमाश्या येईनाशा होतात. नत्राचा अतिरेकही टाळावा. युरिया मिळालेले झाड पाने काढत बसते. शेणखत किंवा कंपोस्ट जून आणि ऑक्टोबरमध्ये घमेलाभर पुरेसे आहे.

कुंतीची कोवळी पाने वळून त्यांवर पांढरे मेणचट दोरे दिसत असतील, तर सिट्रस सिल्ला नावाची कीड आहे. ही कीड लिंबूवर्गीय झाडांमध्ये ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून शेजारी कागदी लिंबू असेल तर कुंतीकडे अधिक लक्ष द्यावे आणि किडलेले शेंडे काढून नष्ट करावेत. फळांच्या घोसात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे, पण त्याआधी झाडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच ढेकणांना सांभाळतात. एप्रिल-मेमध्ये पाने राखट, ठिपकेदार दिसू लागली तर लाल कोळी असतो आणि तो पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो.

विकत घेताना

इंटरनेटवर ‘सावलीसाठी लाल फळांचे सदाहरित झुडूप’ शोधले की ऑकुबा, स्किमिया आणि हॉली यांची चित्रे समोर येतात. ती थंड हवामानाची झाडे आहेत. थेट उन्हात ऑकुबाची पाने काळी पडतात आणि स्किमियाला आम्लधर्मी माती लागते. शिवाय त्यांच्यात सहसा नर आणि मादी झाडे वेगळी असतात. इंग्लंडमध्ये ऑकुबा १७८३ मध्ये पोचले, पण ते मादी झाड होते, म्हणून अनेक दशके तेथील लोक त्याच्या नुसत्या पिवळ्या ठिपक्यांच्या पानांवर समाधान मानत राहिले. १८६१ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून याने जपानहून नर झाड आणल्यावर तेथे लाल फळे धरली. सोलापुरात नर-मादी दोन्ही मिळाली तरी ती आपल्या मे महिन्यात जगवण्यासाठी लागणारा खटाटोप मला योग्य वाटत नाही. कुंती आणि आर्डिसिया यांचे एकच झाड असले तरी फळ धरते.

सोनेरी पानांचा दुरांटा ‘केशरी फळांचा’ म्हणून विकला जात असेल तर जपून घ्यावा. सावलीत त्याची पाने हिरवट होतात, छाटलेल्या कुंपणावर फळे क्वचितच दिसतात, आणि फळे विषारी असल्याने लहान मुले वावरतात तेथे तो नकोच.

फळे पिकल्यावर दोन-तीन दिवसांत नाहीशी होत असतील आणि खाली पडलेली दिसत नसतील, तर ती गळत नाहीत, लालबुड्या बुलबुल खातात. ही समस्या मानू नये असे माझे मत आहे, तरीही शोभा काही दिवस टिकवायची असेल तर मोजक्या घोसांवर पातळ मलमलीची पिशवी सैल बांधावी. जाळ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, म्हणून झाडावर बारीक दोऱ्याचे जाळे टाकू नये.

जागा चुकली आहे असे एप्रिल-मेच्या कागदाच्या परीक्षेत दिसून आले, तरी झाड लगेच उपटू नये. तो उन्हाळा जाळीखाली काढावा आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैच्या सुरुवातीला, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता नव्या जागी हलवावे. नवा खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा. त्यात बागेची माती, कुजलेला पालापाचोळा किंवा कंपोस्ट आणि विटांचा चुरा समप्रमाणात भरावा, म्हणजे काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत आणि झाडाला मुळे धरू द्यावीत. फळांची अपेक्षा दुसऱ्या पावसाळ्यानंतर करावी.